माणशी किती?

आमच्या घरात कुठलीही गोष्ट महाग की स्वस्त हे तिच्या किमतीवरून ठरत नाही. ती माणशी किती पडते, यावरून ठरतं. हा शोध माझ्या थोरल्या दिरांचा. भाऊजींनी उभं आयुष्य एका विमा कंपनीत लोकांचे दावे नामंजूर करण्यात घालवलं. निवृत्त झाल्यावर नामंजूर करायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी घरचा हिशेब हातात घेतला. पंखा एकट्यानं लावला तर उधळपट्टी, चौघं त्याच्याखाली येऊन बसले तर काटकसर. त्यामुळे आमच्या घरात उन्हाळाभर सगळे एकाच खोलीत घाम पुसत बसतात आणि माणशी फार थोडी वीज जाळतात.

आमच्या मधुचंद्रालासुद्धा भाऊजी आणि जाऊबाई आले होते. दोन खोल्या एकदम घेतल्या तर दुसरीला निम्मं भाडं होतं, आणि अशी सवलत सोडणाऱ्याला भाऊजी माणसात धरत नाहीत. त्या सहलीचे फोटो आहेत. प्रत्येक फोटोत आम्ही चौघं आहोत आणि मधोमध भाऊजी आहेत.

त्याला आता बारा वर्षं झाली. नवरा एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढतो. लोकांच्या बेडरूमी काढतो, बेडरूमीला लागून बाथरूम, बाथरूमला लागून कपडे ठेवायची खोली. स्वतःच्या घरी मात्र आमची खोली आणि सासूबाईंची खोली यांच्यामध्ये भिंत नाही, कपाट आहे. कपाटाच्या वर हातभर जागा मोकळी आहे, आणि तिथून सासूबाई विचारतात, "जागेच आहात का रे अजून?" नवऱ्याला मी चारचौघांत 'अहो' म्हणते आणि दोघंच असलो की 'तू'. 'तू' म्हणायची वेळ फार थोडी येते.

मी कान तपासते. काचेच्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक शिट्टी ऐकू आली की त्यानं बटण दाबायचं. दिवसभर मी शांततेत काम करते आणि संध्याकाळी या घरात येते, जिथे सगळ्यांचे कान ठणठणीत आहेत आणि कोणी कोणाचं ऐकत नाही.

तीन वर्षांपूर्वी आमचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. मी दवाखान्यातून परत आले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, आणि सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं की तिच्यासमोर तो विषय काढायचा नाही. कोणी काढला नाही. नवऱ्यानंही नाही. तो माझ्याशी वीजबिलाबद्दल बोलला, दुधाबद्दल बोलला, कपाटाच्या बिजागरीबद्दल तर इतकं बोलला की ती बिजागरी म्हणजे घरातलं आजारी माणूस वाटावं. मला त्याच्याशी बाळाबद्दल बोलायचं होतं. एकदाच. कपाटापलीकडून कोणी खाकरणार नाही अशा जागी. जवळच्या गावाला जाऊन उपयोग नव्हता, तसं दोनदा केलं होतं आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरचे मागोमाग येऊन पोचले होते, "म्हटलं तुम्हाला करमत नसेल."

मग माझ्याकडे कान तपासायला आलेल्या एका आजींनी मला त्या शहराबद्दल सांगितलं. त्यांची लेक तिकडे असते. युरोपातलं शहर, मधून नदी, नदीवर पूल. आजींना पूल आठवत नव्हते. त्यांना आठवत होतं ते एवढंच, की तिथे ट्राममध्ये माणसं शेजारी बसूनसुद्धा इतकं हळू बोलतात, की आपलं कानातलं मशीन बिघडलं की काय असं त्यांना वाटलं होतं. मी त्याच दिवशी ठरवलं. पूल आणि पुतळे गेले खड्ड्यात, मला ती ट्राम हवी होती.

बजेट मी केलं. गर्दी नसते त्या महिन्यातलं विमान, स्टेशनमागचं छोटं हॉटेल, चार रात्री, ट्रामचा पास, दोन वेळचं साधं खाणं. दोघांचे मिळून दोन लाख चाळीस हजार. सुट्टीच्या दिवशी कारखान्यांत जाऊन कामगारांचे कान तपासून मी ते साठवले होते. पैसे नवऱ्याच्या खात्यात टाकले आणि म्हटलं, "तू बुकिंग कर." म्हटलं, एवढं तरी त्यानं माझ्यासाठी करावं. तो "हो, हो" म्हणाला आणि पैसे घेऊन थेट भाऊजींकडे गेला.

"दादाला त्यातलं कळतं," तो मला म्हणाला.

दादाला त्यातलं काय कळतं, तर ऑफिसच्या कामानं कुठेतरी जाताना विमान चुकून भाऊजी एकदा युरोपातल्या एका विमानतळावर सहा तास बसले होते. बाहेर पाऊल टाकलं नव्हतं. पण तेवढ्या भांडवलावर ते आजतागायत युरोपवर बोलतात. युरोपात पाणी विकत मिळतं. युरोपात खुर्च्या फार कडक. युरोपी माणूस मदत करतो पण हसत नाही. एका खुर्चीत बसून माणसाला एका खंडाचं इतकं ज्ञान होऊ शकतं हे मला भाऊजींमुळे समजलं.

रविवारी सकाळी बैठक भरली. भाऊजींनी माझं बजेट समोर ठेवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि नामंजूर करायच्या आवाजात म्हणाले, "हे कोणी केलं?"

"मी," मी म्हटलं.

"तरीच. हे बघ, दोन खाटांच्या खोलीचं भाडं हे. आणि तीन खाटांच्या खोलीचं हे. फरक किती? काहीच नाही. मग माणशी किती पडलं?"

"भाऊजी, पण आम्ही दोघंच आहोत."

"तिथेच तर चुकतंय तुमचं," भाऊजी म्हणाले.

तिसऱ्या खाटेवर सासूबाई आल्या. "मी कशाला बाई तुमच्यात," असं म्हणत त्यांनी तिथे थंडी किती असते, जिने किती असतात आणि तपकिरी स्वेटर चालेल का, हे विचारून घेतलं. नवरा कौतुकानं बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते. त्याला ते दिसत नव्हतं.

पुढच्या रविवारी भाऊजींना हॉटेल ही मूर्खांची सोय आहे असा साक्षात्कार झाला. फ्लॅट घ्यायचा. चार जणांचा फ्लॅट घेतला की माणशी आणखी उतरतं. मग जाऊबाई आल्या. सहा जणांचा घेतला तर विचारूच नका. मग नणंदेला फोन गेला, आणि ती नवऱ्यासकट आली. नणंदेचा नवरा मितभाषी आहे. तो या घरात फक्त "चालेल" एवढंच बोलतो आणि त्याला आजवर सगळं चाललेलं आहे.

"किती खाली आलं बघ!" भाऊजी ओरडले. त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते. बायकोच्या तोंडाकडे बघून या माणसाला कधी असं झालं असेल, असं मला वाटत नाही.

मी नवऱ्याला रस्त्यात गाठलं. भाजी आणायला म्हणून दोघं निघालो होतो. आमचं सगळं खासगी बोलणं भाजीवाल्याच्या वाटेवर होतं. मी म्हटलं, "अरे, आपल्याला दोघांना जायचं होतं ना?"

"जातोय की आपण."

"सहा जण जातायत."

"हो, पण त्यात आपण दोघं आहोतच ना," तो म्हणाला. "आणि माणशी बघ ना किती खाली आलंय."

मी त्याला पिशवी दिली आणि एकटी घरी आले. अशा माणसाशी भांडायचं तरी काय? त्याला टोचलं तर तो बाजूला सरकतो आणि टोचणाऱ्याला बसायला जागा करून देतो.

मग काटछाट सुरू झाली. भाऊजींनी युरोपला कात्री लावली. वस्तुसंग्रहालयं बाहेरून बघायची. आत काय असतं ते फोटोत दिसतं. मनोऱ्यावर चढायला तिकीट असेल तर खालून मान वर करायची. कॉफी तिथे फार महाग, पण युरोपला जाऊन कॉफी नाही घेतली असं नको व्हायला, म्हणून सगळ्यांत मिळून दोन कप. स्वच्छतागृहाला पैसे पडतात, तेव्हा सकाळी फ्लॅटमधून निघतानाच सगळ्यांनी जाऊन यायचं. ट्राममध्ये बसायचंच नाही, चालत शहर जास्त कळतं.

"ट्राम राहू दे," मी म्हटलं. बारा वर्षांत त्या बैठकीत मी मागितलेली ही पहिली गोष्ट असेल.

"ट्राममध्ये काय आहे?" भाऊजींनी विचारलं.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो नखं बघत होता.

"नामंजूर," भाऊजी म्हणाले, आणि सगळे हसले, कारण भाऊजींनी विनोद केला की हसायचं असतं.

फ्लॅटचं बुकिंग त्यांनी त्याच आठवड्यात करून टाकलं. माझ्या पैशांतून, 'पैसे परत मिळणार नाहीत' या सर्वांत स्वस्त दरानं. परत मागायला आपण काय नादान आहोत, असं त्यांचं म्हणणं पडलं. विमानाची तिकिटं नंतरच्या रविवारी एकदम काढायची होती, म्हणून भाऊजींनी सगळ्यांचे पासपोर्ट टेबलावर मागवले. गठ्ठा झाला. भाऊजींनी तो मोजला. मग पुन्हा मोजला. मग चष्मा पुसून मोजला.

पासपोर्ट सात होते.

"हा कोणाचा जास्तीचा आलाय?" भाऊजी रागानं म्हणाले, आणि त्यांनी सर्वांत वरचा उघडला. तो त्यांचाच होता.

सगळ्या घराचा हिशेब करणाऱ्या या माणसानं दर रविवारी समोर बसलेली माणसं मोजली होती. सासूबाई एक, जाऊबाई दोन, आम्ही दोघं चार, नणंद आणि तिचा नवरा सहा. हिशेबवही मांडीवर घेऊन बसलेला सातवा त्यांना दिसलाच नव्हता. मी मोठ्यानं हसले. एकटीच. नणंदेच्या नवऱ्याला बहुधा हसायचं होतं, पण त्यानं बायकोकडे बघितलं आणि खोकला काढला.

फ्लॅटवाल्याची अट होती, सहाच्या वर एकही नाही. सातव्यासाठी वेगळी खोली घेतली तर माणशी आकडा भलताच वर जात होता. आणि सहा जणांना एकत्र तिकिटं काढली तर विमानात सूट होती, ती सातव्याला नव्हती. थोडक्यात, एक माणूस कमी व्हायला हवा होता, आणि प्रत्येक जण तो एक माणूस आपण का नाही हे सांगू लागला. सासूबाई म्हणाल्या, "मीच राहते," आणि सगळे "नाही नाही आई" म्हणेपर्यंत थांबल्या. जाऊबाईंनी बूट घेतले होते. नणंदेच्या नवऱ्याची रजा मंजूर झाली होती. भाऊजी म्हणाले, "मी राहिलो असतो, पण मग तुम्हाला तिथे फिरवणार कोण?"

मला बघायचं होतं, माझा नवरा काय करतो. ही सहल कोणाची होती, पैसे कोणाचे होते, हे आता तरी तो म्हणतो का. एक वाक्य. मोठंसुद्धा नको होतं.

"मी राहतो," तो म्हणाला.

काय कौतुक झालं त्याचं! सासूबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. जाऊबाई म्हणाल्या, किती समजूतदार आहेत हो. भाऊजींनी तर त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि लगेच नाव खोडलं. म्हणजे मी साठवलेल्या पैशांनी, माझ्या नवऱ्याला घरी ठेवून, मी माझ्या सासरच्या पाच माणसांना घेऊन युरोपला निघाले होते.

पण मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यावर त्याग नव्हता. सुटका होती. माझ्याकडे कारखान्यांतली काही माणसं येतात, ऐकू येत असून न आल्याचं दाखवतात, भरपाई मिळेल म्हणून. शिट्टी वाजते, चेहरा दगडासारखा, पण बटणावरचं बोट किंचित हलतं. तसं मला त्याचं काहीतरी हललेलं दिसलं. याला सगळं ऐकू येत होतं. तीन वर्षं ऐकू येत होतं.

"मग मीपण राहते," मी म्हटलं.

"असं कसं!" भाऊजी खुर्चीतून उठलेच. "पाच झाले तर माणशी केवढं वाढेल!"

बारा वर्षांत या घराला मी इतकी कधीच हवी नव्हते. सासूबाई म्हणाल्या, तुझ्याशिवाय मजा नाही. नणंद म्हणाली, वहिनी, असं काय करतेस. मी उठून स्वयंपाकघरात गेले. मागून भाऊजींचा आवाज आला, "जा रे, समजाव तिला जरा," आणि तो मला समजवायला आला.

"जा ना तू," तो म्हणाला. "आई आहे, ताई आहे. मजा येईल तुला."

"आणि तू काय करणार?"

"मी आहे की इथे. कपाटाची बिजागरी पण राहिलीय."

"मीपण थांबते. घरात कोणी नसेल. आपण दोघंच."

तो बेसिनकडे वळला. नळ नीट बंद होता, तरी त्यानं तो आणखी आवळला.

"आपण दोघंच काय करणार?" तो म्हणाला.

"बोलू."

"तेच," तो हळू म्हणाला. "कशाबद्दल ते मला माहितीय. तू तिकिटाचं काढलंस तेव्हाच कळलं होतं. चार दिवस, दोघंच, तू तो विषय काढणारच होतीस. म्हणून मी पैसे दादाकडे दिले."

मी त्याला इतकी वर्षं बावळट समजत होते. बावळट माणसाचा राग येतो आणि जातो, त्याच्याबरोबर संसार करता येतो. पण हा बावळट नव्हता. त्यानं विचार करून, आपल्या भावाला नीट ओळखून, माझ्या आणि त्याच्या मध्ये पाच माणसं आणून बसवली होती. मला त्याची किळस आली. खरंच आली.

"काय ठरलं?" बाहेरून भाऊजी. "नाव ठेवू ना मी तुझं?"

"आम्ही दोघंही राहतोय!" मी ओरडले. "आणि फ्लॅटचे पैसे माझे आहेत. पाच जणांत माणशी किती होतात ते काढा आणि मला परत द्या!"

मी स्वयंपाकघराचं दार लावायला गेले. ते कधी कोणी लावत नाही. मागे रिकाम्या बरण्या ठेवलेल्या असतात. बरण्या पायानं सरकवल्या, एक आडवी झाली, घरंगळत गेली. दार खांद्यानं रेटून बंद केलं, कडी घातली.

"बोल," मी म्हटलं.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी काय काय म्हणणार आहे ते माझ्या तोंडात तयार होतं, भित्रा, भावाचं शेपूट, आणखीही बरंच. तेवढ्यात तो म्हणाला, "मुलगी होती का गं?"

मला आधी कळलंच नाही तो काय विचारतोय.

मग कळलं. त्या दिवशी दवाखान्यात तो बाहेर बाकावर होता. आत आलाच नाही. सह्या भाऊजींनी केल्या, पुढचं सगळं भाऊजींनी केलं. मला वाटलं त्याला कोणीतरी सांगितलं असेल. त्यांना वाटलं मी सांगितलं असेल. भाऊजींना माहीत होतं, जाऊबाईंना माहीत होतं, सासूबाईंना, नणंदेला माहीत होतं, 'चालेल' म्हणणाऱ्या तिच्या नवऱ्यालासुद्धा माहीत होतं. एकट्या बापाला माहीत नव्हतं, आणि त्यानं तीन वर्षं कोणाला विचारलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "मुलगी होती. केस होते तिला. खूप."

तो दाराला पाठ टेकून खाली फरशीवर बसला. मीही बसले, त्याच्यासमोर. माझा राग गेला नव्हता. तो तसाच होता, आणि तरी मी बसले.

त्याच्या पाठीमागे दार वाजलं. "अरे, असं कसं चालेल?" भाऊजी म्हणत होते. "पाच जणांत माणशी फारच जातंय. उघड आधी."

"थांब, दादा," तो म्हणाला. मी त्याला भावाशी त्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मग तो माझ्याकडे वळला आणि हळू, अगदी हळू म्हणाला, "अजून सांग."